रात्रीच्या मावशीला कोणी शिकवलं?

सासूबाईंच्या माकडहाडावरची जखम आम्हाला पहिल्यांदा दिसली ती हॉस्पिटलात. घोडबंदर रस्त्यावरून आत, डोंगराच्या बाजूला एका बंगल्यात चालणाऱ्या केअर होममध्ये त्या सात महिने होत्या. ताप उतरेना म्हणून त्यांना ठाण्यात आणलं. तिथल्या सिस्टरने कपडे बदलायला म्हणून त्यांना कुशीवर वळवलं आणि मला आत बोलावलं. "हे कधीपासून आहे?" जखम इतकी खोल होती की माझ्या अंगठ्याचं पेर आत गेलं असतं. मला काही सांगता आलं नाही. त्याआधीचे सलग चार रविवार मी त्यांना भेटून आले होते. केसांना तेल, चेहऱ्याला पावडर, अंगात धुतलेला गाऊन. आणि दर वेळी त्या उताण्या होत्या. उताण्या माणसाची पाठ कोण बघतं?

मी तावातावाने केअर होममध्ये गेले. तिथले चालक म्हणाले, "वय झालं की स्किन पातळ होतेच, ताई." हे खोटं नाही, म्हणून तर ते इतक्या सहज म्हणता येतं. मग मी त्यांना सांभाळणाऱ्या मावशींना गाठलं. त्या रडायलाच लागल्या. पाठ लाल दिसली त्या दिवसापासून रोज दोन वेळा स्पिरिट आणि पावडर लावून चोळत होते, म्हणाल्या. ती जागा गादीला टेकू नये म्हणून स्वतःच्या पैशाने रबरी रिंग आणून खाली ठेवली होती. कामात कसूर नको म्हणून चोळायच्याही चांगल्या जोर लावून.

नेमकं तेच करायचं नसतं. अंथरुणावर पडून होणारी अशी जखम म्हणजे बेडसोर. हाड आणि गादी यांच्यामध्ये चेंगरलेल्या मांसाला रक्त पोचत नाही, ते आतून मरू लागतं, आणि अशा जागी चोळलं की उरलेसुरले तंतूही तुटतात. रबरी रिंगेने जखमेखालचा दाब जातो, पण तिच्या कडेने गोल दाब पडतो आणि मधल्या भागाचं रक्त आणखी अडतं. बोटाने दाबल्यावर फिकी पडून परत येते ती लाली बरी; दाबूनही जी हलत नाही ती धोक्याची. आपल्या सावळ्या कातडीवर तर लाली धड दिसतही नाही. तिथे ती जागा हाताला गरम लागते का, टणक लागते का, हे बघावं लागतं. हे मला आज ठाऊक आहे कारण त्यानंतर मी वाचलं, डॉक्टरांना विचारलं. मावशींना कोणी सांगितलं असतं? कळव्याला राहणारी ही बाई आधी वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगच्या कामाला होती. ती कंपनी बंद झाल्यावर घरोघरी आणि होममध्ये माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोतून इकडे आली. दोन दिवस जुन्या मावशीच्या मागे उभं राहून बघितलं, तिसऱ्या दिवशी तिच्या हवाली सहा म्हाताऱ्या.

माझा राग त्या दिवशी मावशींवरून उठला. तो नेमका कुठे जाऊन बसायला हवा, हे ठरवायला मला बराच वेळ लागला.

आपल्याकडे वृद्धाश्रमाबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण ते सगळं दाराबाहेरचं असतं. आईबापांना तिथे ठेवणारी मुलं कृतघ्न की अगतिक, एकत्र कुटुंब मोडलं ते कोणामुळे, परदेशी गेलेल्यांना पोटची माया उरली की नाही. दर दिवाळीला फराळाची पाकिटं घेऊन एखादं मंडळ जातं, फोटो येतात, डोळे ओलावतात. राज्य सरकारच्या वृद्धांसाठीच्या निवृत्तीवेतन योजनेचं नावसुद्धा 'श्रावणबाळ' आहे. कावड खांद्यावर घेणारा मुलगा हीच आपली काळजीची एकमेव कल्पना. बिचारा श्रावणसुद्धा पाणी भरायला गेला तिथेच संपतो, आणि मागे राहिलेल्या दोघांकडे बघायला कोणी नसतं, हे आपण कधी लक्षात घेतलं नाही.

या रडगाण्याचा एक तोटा मी स्वतः भोगलाय. ज्यांनी घरचं माणूस तिथे ठेवलंय त्यांना लाज वाटते, आणि लाजणारा माणूस तक्रार करत नाही. सोसायटीत आम्ही "आई सध्या नणंदेकडे आहेत" असं सांगत होतो. जखम दिसल्यावरही नवऱ्याचं पहिलं वाक्य होतं, "कोणाला बोलू नकोस." शाळेत मूल घातलं की पालक-शिक्षक संघ असतो, आणि तो असायलाच हवा असं कायदा सांगतो. केअर होममध्ये रविवारी अकरा वाजता एकाच व्हरांड्यात भेटणारी आम्ही दहा-बारा कुटुंबं एकमेकांची नजर चुकवत होतो.

म्हणून मला त्या जुन्या वादात पडायचंच नाही. कोणी का ठेवलं, हा त्या त्या घरचा प्रश्न. युनायटेड नेशन्सच्या लोकसंख्या निधीचा २०२३ सालचा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये भारतात साठीपुढची माणसं १०.५ टक्के होती आणि २०५० पर्यंत ती २०.८ टक्के होतील. आमच्या भागात त्यासाठी अहवालही वाचायला नको. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. वाशी, नेरूळ, बेलापूरच्या घरांत तिशी-पस्तिशीत राहायला आलेली पिढी आता पंचाहत्तरीत आहे. मुलं पुण्यात, बेंगळुरूत, न्यू जर्सीत. सिडकोच्या ज्या रो-हाऊसमध्ये ही मुलं वाढली, तशाच रो-हाऊसच्या फाटकांवर आता 'सीनियर केअर'च्या पाट्या लागल्यात. घोडबंदरला बंगले, खारघर-पनवेलकडे टॉवरमधले दोन फ्लॅट जोडून केलेली होम, आणि पैसे कमी असतील तर बदलापूर, टिटवाळा, मुरबाड. ही माणसं तिथे राहणार आहेतच. रात्री दोन वाजता त्यांना कुशीवर कोण वळवणार आणि त्या माणसाला ते कोणी शिकवलं, एवढाच सार्वजनिक प्रश्न मला दिसतो.

सासूबाईंसाठी जागा शोधताना आणि नंतर दुसरीकडे हलवताना मी एकूण चार ठिकाणं आतून पाहिली. भिंतीवर काय टांगलंय हे वाचायची मला बँकेतल्या नोकरीपासूनची खोड आहे. एका ठिकाणी धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी, दोन ठिकाणी शॉप ॲक्टचा कागद, चौथ्या ठिकाणी फक्त गणपती. धर्मादाय कार्यालय हिशेब बघतं, शॉप ॲक्ट दुकान बघतो. आतल्या माणसाची पाठ बघून मग दिलेला कागद मला कुठे दिसला नाही.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण कायदा २००७ चा. त्याचं कलम १९ म्हणतं की राज्य सरकार जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम उभारू शकेल, तिथे किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय असावी, आणि त्या आश्रमांतल्या सेवांचा दर्जा ठरवणारी योजना सरकार करू शकेल. 'शकेल' या एका क्रियापदावर सगळा कारभार लटकलाय. शिवाय हे कलम सरकारने निराधारांसाठी काढायच्या आश्रमाबद्दल बोलतं. महिना तीस-चाळीस हजार घेणाऱ्या रो-हाऊसचा विचार २००७ साली कोणाच्या डोक्यात नसावा. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. त्यात केअर होमची आणि घरी माणसं पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी होती, किमान दर्जा होता. ते स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ मध्ये ती लोकसभाच संपली तेव्हा विधेयकही संपलं.

मुलांच्या संस्थांशी ताडून बघा. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे मुलांना ठेवणारी कोणतीही संस्था नोंदणीशिवाय चालवता येत नाही. चालवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. तपासणी समित्या कायद्यातच लिहिल्यात. या संस्थांचं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण तिथे काही भयंकर घडलं तर निदान 'नोंदणी होती का' हा प्रश्न विचारता येतो. डायपरात असलेल्या, नाव न सांगता येणाऱ्या, दार उघडून बाहेर पडू न शकणाऱ्या ऐंशीच्या बाईत आणि चार वर्षांच्या मुलात असहायतेचा असा काय फरक आहे?

सरकार येतच नाही असंही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये भिवंडी तालुक्यात खडवलीजवळच्या एका वृद्धाश्रमात साठाहून जास्त जणांना कोविड झाल्याचं निघालं, तेव्हा आरोग्य यंत्रणा पोचली, तपासण्या झाल्या, रुग्णांना ठाण्याच्या शासकीय रुग्णालयात हलवलं. साथ आली की आपल्याला पत्ते सापडतात. बेडसोर संसर्गजन्य नसतो.

आता थोडं गणित. बँकेत तेहतीस वर्षं काढल्यामुळे मला त्याशिवाय चैन पडत नाही.

त्या बंगल्यात २२ माणसं होती. त्यांतली ९ पूर्ण अंथरुणाला खिळलेली. रात्री दोन मावश्या. अशा माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, हा जुना आणि सोपा नियम. नीट करायचं तर डायपर बघायचा, ओला असला तर पुसून कोरडं करायचं, ड्रॉशीटने, म्हणजे अंगाखालच्या आडव्या चादरीने, उचलून वळवायचं, पाठीमागे उशी, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीला टेकणार नाहीत अशा. दोघी असल्या तर एका माणसाला दहा मिनिटं. नऊ जणांची नव्वद मिनिटं. म्हणजे दर दोन तासांतली फक्त तीस मिनिटं उरली, त्यांत बाकीची १३ माणसं: कोणाला संडासला न्यायचं, कोणी उठून भिंत धरत चाललंय, कोणाला आपली आई आत्ता हवी आहे. आणि हे दोघींना धरून. प्रत्यक्षात त्यांतल्या एकीची दिवसाचीही ड्यूटी झालेली असायची, ती दीड वाजता पाय पसरायची. मी तिला दोष देणार नाही. उरलेली एकटी ऐंशी किलोच्या माणसाला उचलू शकत नाही, ती चादरीवरून ओढते. ओढलं की ओली कातडी चादरीला चिकटून फाटते. तिथे कोणी क्रूर नव्हतं. वेळापत्रकच अशक्य होतं, आणि ते अशक्य आहे हे कागदावर पाच मिनिटांत कळलं असतं. आम्ही कोणी कागद घेतला नाही. जागा बघायला गेलो तेव्हा आम्ही विचारलं होतं: एसी आहे का, जेवण शाकाहारी का, गणपती बसवता का. रात्री किती जण जागे असतात, हे विचारलं नाही.

आणखी एक मावशी रात्रीला ठेवायची तर? रजा, बदली धरून उदार हाताने महिना २० हजार धरा. २२ माणसांत वाटले तर माणशी ९०९ रुपये. आम्ही महिना ३२ हजार भरत होतो. नऊशे नऊ रुपये आम्ही आनंदाने दिले असते, पण बिलात ती ओळच नव्हती. हाउसकीपिंग होतं, 'अ‍ॅक्टिव्हिटी' होती, वायफाय होतं.

सीसीटीव्हीबद्दल जाता जाता सांगते, कारण हल्ली तोच दर्जाचा पुरावा म्हणून दाखवतात. "मोबाइलवर चोवीस तास बघा, मॅडम." कॅमेऱ्यात एवढंच दिसतं की कोणी वळवलं नाही. कसं वळवायचं ते कॅमेरा शिकवत नाही. आणि ज्या खोलीत बाईचा डायपर बदलतात त्या खोलीचं चित्र तिच्या जावयाच्या मोबाइलवर जातं, याची लाज मात्र कोणालाच वाटत नाही.

प्रशिक्षण म्हटलं की लोकांना प्रोजेक्टर आणि हॉल आठवतो. खरं लागतं ते फार साधं आहे. आडव्या माणसाला भरवायचं नाही. बसवून भरवायचं आणि नंतरही अर्धा तास बसतं ठेवायचं, नाहीतर घास फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो. पाणी पिताना ठसका लागायला लागला तर ते सिस्टरला सांगण्यासारखं आहे. बगलेत हात घालून उचलायचं नाही, खांदा निखळतो, आणि उचलणारीची कंबरही जाते. मधुमेहाच्या माणसाला दरदरून घाम आला आणि तो बरळायला लागला तर आधी साखर बघायची. कालपर्यंत शुद्धीत बोलणारी आजी आज अचानक भलतंच बोलायला लागली तर "वयानं भ्रम झालाय" म्हणून सोडायचं नाही; लघवीचा संसर्ग असेल, अंगात पाणी कमी असेल, सोडियम उतरलं असेल. ('सोडियम' हा शब्द ठाण्यातल्या प्रत्येक मराठी घराला एकदा तरी आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर कळतो.) नाकातली नळी ओढते म्हणून हात ओढणीने खाटेला बांधायचे नाहीत. हे शेवटचं मी डोळ्यांनी पाहिलंय, तिसऱ्या ठिकाणी. बांधणारी मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची होती आणि बांधता बांधता आजीची समजूत घालत होती.

रिक्षा चालवायला बॅज लागतो. भुवया कोरायचा कोर्स असतो आणि त्याचं सर्टिफिकेट पार्लरवाली आरशाशेजारी लावते. अमेरिकेत नर्सिंग होमची अब्रू चव्हाट्यावर आल्यावर १९८७ मध्ये कायदा झाला. तिथल्या मदतनीसांना किमान ७५ तासांचं प्रशिक्षण बंधनकारक झालं, त्यातले १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. निव्वळ कामाच्या सोयीसाठी कोणाला बांधून ठेवायचं नाही, हाही त्याच कायद्यातला हक्क. ७५ तास म्हणजे रोज तीन तास धरले तर पंचवीस दिवस. त्याने अमेरिकेतली सगळी होम स्वर्ग झाली नाहीत, पण 'तिला कोणी शिकवलं' या प्रश्नाला तिथे उत्तर असतं.

आपल्याकडेही अगदीच पाटी कोरी नाही. कौशल्य विकासाच्या योजनांत 'जनरल ड्यूटी असिस्टंट'चा, म्हणजे रुग्णसेवेच्या मदतनीसाचा, अभ्यासक्रम आहे, केंद्राच्या राष्ट्रीय समाज रक्षा संस्थेचे वृद्धसेवेचे अभ्यासक्रम आहेत. अडचण अशी की आमच्या मावश्या त्यांत जात नाहीत. दिव्याहून, दिघ्याहून, तुर्भ्याहून येणारी चाळीस वर्षांची बाई वर्गात बसली तर तिचा रोज बुडतो. बुडालेला रोज कोण भरून देणार? शिकून आल्यावर पगार वाढणार का? दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिला आधीच ठाऊक आहेत.

सासूबाईंना आम्ही नेरूळला हलवलं. सिडकोचं जुनं रो-हाऊस, जिना अरुंद, बाथरूममध्ये व्हीलचेअर वळत नाही, लिफ्ट नाही. आग लागली तर काय, हा विचार मी मुद्दाम करायचे नाही. पण चालवणाऱ्या बाई सरकारी हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या सिस्टर होत्या. प्रत्येक खाटेला दोरीने एक शंभर पानी वही बांधलेली, तिला त्या 'कूस-वही' म्हणायच्या. वेळ, डावी-उजवी, आणि करणारीची सही. सही येत नसेल तर एक खूण. दुपारी तीन वाजता, म्हाताऱ्या निजल्या की, वीस मिनिटांचा वर्ग. पुस्तक नाही. एका मावशीला खाटेवर आडवं करायचं आणि दुसरीने तिला तसंच आडवं ठेवून वरणभात भरवायचा. तिला ठसका लागला की सिस्टर म्हणायच्या, "बस, कळलं?" एकदा सगळ्यांना कपड्यांवरूनच ओला डायपर बांधून अर्धा तास बसवलं होतं. आधी हसून हसून पुरेवाट झाली, मग हसणं थांबलं. त्यानंतर डायपर कितीला बदलायचा हे तिथे कोणाला सांगावं लागलं नाही, असं सिस्टर म्हणाल्या, आणि मला ते पटलं, कारण खोल्यांना वास नव्हता. फी पहिल्यापेक्षा दोन हजारांनी जास्त होती. जखम भरायला पाच महिने लागले.

ही गोष्ट मी लोकांना सांगते तेव्हा ते म्हणतात, "अशी देवमाणसं हवीत." मला याच वाक्याची धास्ती वाटते. सिस्टर तेव्हा ६८ वर्षांच्या होत्या. त्यांना मलेरिया झाला त्या दोन आठवड्यांत कूस-वह्यांची पानं कोरी राहिली. एका बाईच्या स्वभावावर उभा असलेला दर्जा तिच्या तापाबरोबर उतरतो. नियम, नोंदणी, तपासणी असल्या रुक्ष गोष्टी याचसाठी लागतात, की देवमाणूस आजारी पडलं तरी रात्री दोनला कूस बदलली जावी.

नियम म्हटलं की चालक तीन गोष्टी म्हणतात, आणि त्या उडवून लावण्यासारख्या नाहीत. एक, शिकवलेली मावशी दोनशे रुपये जास्त मिळाले की हॉस्पिटलात किंवा ब्यूरोकडे जाते, मग शिकवायचं कशाला? खरं आहे, आणि म्हणूनच एकेका होमवर शिकवण्याचा बोजा टाकणं चूक आहे. नेरूळला, कामोठ्याला नर्सिंग कॉलेजं आहेत, कळव्याला महापालिकेचं मोठं हॉस्पिटल आहे. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी मिळून शहरातल्या सगळ्या मावश्यांना पाळीपाळीने तिथे शिकवावं, त्या दिवसांचा रोज महापालिकेने द्यावा, आणि शिकलेलीला जो कागद मिळेल त्यावर ब्यूरोचा दर वेगळा असावा. मग ती एका होममधून दुसऱ्यात गेली तरी शिक्षण शहरातच राहतं. ब्यूरोला यात सोडता कामा नये. आमच्याकडून दिवसाला नऊशे घेऊन बाईच्या हातावर साडेपाचशे ठेवणाऱ्याने मधल्या साडेतीनशेत तिला काय दिलं, हे विचारायलाच हवं.

दुसरं, छोटी होम बंद पडतील आणि गरिबांनी जायचं कुठे. ही भीती मलाही आहे. पहिल्याच दिवशी रुंद जिना, लिफ्ट, अमुक चौरस फूट असलं काही मागितलं तर नेरूळचं ते घर सर्वांत आधी बंद पडेल आणि घोडबंदरचा संगमरवरी बंगला पास होईल. म्हणून आग आणि विजेची सुरक्षितता सोडली तर सुरुवातीला भिंतींना हातच लावू नये. फक्त तीन आकडे मागावेत: रात्री किती जण जागे असतात, या महिन्यात किती जणांना बेडसोर झाला, किती जण पडले. आणि ते फाटकावर लावावेत. इंग्लंडमध्ये केअर होमला सरकारी तपासणी यंत्रणेने दिलेला दर्जा दारात लावणं २०१५ पासून सक्तीचं आहे. वाईट असला तरी लावावा लागतो. आकडे खोटे लिहितील? लिहितील. पण घरचं माणूस रविवारी आल्यावर पाठ बघेल आणि फाटकावरचा शून्य वाचेल, तेव्हा त्याला भांडायला हातात काहीतरी असेल. मला माझ्या चार रविवारी ते नव्हतं.

तिसरं म्हणजे इन्स्पेक्टर येणार आणि पाकीट घेऊन जाणार. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. एकटा इन्स्पेक्टर नको, एवढं म्हणेन. महापालिकेचा डॉक्टर, एक सिस्टर आणि त्या प्रभागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचं एक माणूस, असे तिघे न सांगता जावेत, शक्यतो पहाटे पाचला. नवी मुंबईने ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं काढली, तिथे पेपर वाचत बसलेले सत्तरीतले लोक काही कमी चिकित्सक नसतात. त्यांना हे काम द्या. उद्या ते स्वतः त्याच खाटेवर असणार आहेत, त्यांचं पाकिटाने भागणार नाही. कचरामुक्तीचे तारे मिरवणाऱ्या शहराला ओला कचरा आणि सुका कचरा घरोघरी मोजता येतो. ओला डायपर मोजणं त्याहून अवघड नसावं.

आणि आपण, म्हणजे पैसे भरणारे. वाढदिवसाच्या केकचे फोटो बघून समाधानी होणारे. रविवारी अकराला जाणं सोडून एकदा रात्री नऊला जा. चादर बाजूला करा. कुशीवर वळवा, किंवा मावशीला वळवायला सांगा आणि ती कशी वळवते ते बघा. टाचा बघा, माकडहाड बघा, खुब्याचं हाड बघा. ठसका लागतो का विचारा. यात आईचा संकोच आडवा येईल, आपलाही येईल. माझा आला होता म्हणूनच सांगते. काही गैर दिसलं तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि पैसे देऊन सेवा घेतली असेल तर ग्राहक आयोगही आहे. व्हरांड्यात भेटणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाचा फोन नंबर घ्या. आम्ही घेतला असता तर बहुधा दुसऱ्याच रविवारी कळलं असतं की आणखी दोघींच्या पाठीला जखमा आहेत. हे मला नंतर, फार नंतर कळलं.

सासूबाई गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली. गेल्या तेव्हा पाठ कोरडी आणि अखंड होती.

मागच्या महिन्यात नेरूळच्या घरातल्या एका मावशीचा फोन आला. सिस्टरांनी ते घर बंद केलं, त्या गावी गेल्या. मावशी वाशीतल्या ब्यूरोत नाव घालायला गेली होती. "ताई, कामाचा काही कागद आहे का विचारतायत. तुम्ही लिहून द्याल?" मी वहीचं पान फाडून लिहिलं: बेडसोर ओळखता येतो, ड्रॉशीटने वळवता येतं, बसवून भरवते, नळीतून फीड देते, साखर उतरल्याची लक्षणं ओळखते, कोणालाही बांधत नाही. खाली सही केली, फोन नंबर दिला. दोन दिवसांनी मीच फोन करून विचारलं, काम मिळालं का. मिळालं होतं, सानपाड्याला, रात्रपाळी. कागद बघितला का? "नाही हो ताई. आधार कार्ड घेतलं, म्हणाले एवढं बास." आणि दर? "साडेपाचशे. माझ्याबरोबर एक नवीन पोरगी लागली, कालच गावाहून आलीये. तिलाही साडेपाचशेच."